थोरली जाऊ

माझ्या आजीनं सांगितलेल्या सिनेमाच्या गोष्टींत नायिका फार वेळ टिकत नसे. मीनाकुमारी असो की माला सिन्हा, ‘ती रडत बसली’ एवढ्यावर तिची बोळवण व्हायची आणि आजी लगबगीनं शशिकलावर यायची. तिनं पदर कसा झटकला, मान कशी वेळावली, दाराआड उभी राहून काय काय ऐकलं, हे सगळं आजी करून दाखवायची. एरवी नाकासमोर चालणारी, सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी ही बाई तेवढ्यापुरती सैल व्हायची, भुवई उडवायची, मोठ्यानं हसायची. आम्हा मुलांना सिनेमापेक्षा ते पाहायचं असायचं.

आमच्या वाड्यातल्या सगळ्याच बायकांना सिनेमाला जायला मिळायचं नाही. एखाद-दुसरी जायची आणि बाकीच्यांना सांगायची. दुपारी ओसरीवर पाच-सहाजणी विड्या वळत बसलेल्या असत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली कातरलेली पानं. हात एका लयीत चाललेले आणि कान आजीकडे. आजी विड्या वळत नसे, आजोबा नरसिंग गिरजी मिलमध्ये कामाला होते. पण ‘भागवत’ला लागलेला सिनेमा पाहून आलेली बहुतेक वेळा तीच असायची. ती मराठीत सांगायची, पद्मशाली बायका त्याची आपसांत तेलुगूत उजळणी करायच्या, कोपऱ्यातली एखादी कानडीत हळहळायची. सोलापुरात हिंदी सिनेमा असा तीन भाषांतून घरोघर पोचायचा. मी हे ऐकलं ते सत्तरीच्या दशकात, तेव्हा ते सिनेमे जुने होऊन मॅटिनीला लागत होते. आजीच्या तोंडी मात्र ते कालच पाहून आल्यासारखे असत.

गोष्टीत एक वाक्य ठरलेलं होतं. शशिकलानं एखादीचा संसार मोडायचा घाट घातला, ऐकणाऱ्या बायकांनी तिला शिव्या घातल्या, की आजी म्हणायची, “जवळकराची पोर हाय ती. आपल्या सोलापूरची.” आणि शिव्या घालणाऱ्या सगळ्याजणी मान डोलवायच्या. राग आणि अभिमान एकाच श्वासात कसा येतो, हे मला लहानपणी कळत नसे. मोठेपणी तिचे सिनेमे एकेक करून पाहिले, तिच्या मुलाखती वाचल्या, तेव्हा त्या ओसरीवरच्या बायकांना फार आधी कळलेलं काहीतरी मला उमगत गेलं.

शशिकला जवळकर. जन्म ४ ऑगस्ट १९३२, सोलापूर. घर भावसार शिंप्यांचं, वडील अनंतराव जवळकर मोठे व्यापारी. तेव्हाचं सोलापूर म्हणजे १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीच्या आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्यांच्या भोंग्यांवर उठणारं-झोपणारं गाव. माझ्या पणजीच्या गोष्टींची सुरुवात नेहमी मार्शल लॉपासून व्हायची. मे १९३०, गांधीजींना अटक, गोळीबार, मग गावावर लष्कराचा अंमल. आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चौघे, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. पणजी ही चार नावं देवाच्या नावांसारखी घ्यायची. ती जखम अजून ओली होती तेव्हा शशिकला जन्मली. कापडाचा पैसा आणि चळवळीचा ताप दोन्ही एकाच गावात होते.

मुलगी नाचरी होती. पाच वर्षांची असल्यापासून सोलापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या रंगमंचांवर ती नाचायची, गायची, नाटकात कामं करायची. भरल्या घरची लेक हौसेनं नाचते याचं कौतुकच झालं असणार. पण पुढे त्या हौसेवरच घर चालवायची वेळ आली. ती हकिकत शशिकलानं स्वतः मुलाखतींत सांगितली आहे. अनंतरावांनी धाकट्या भावाला शिकायला लंडनला धाडलं, मिळकतीचा मोठा वाटा त्याच्या शिक्षणावर घातला, पोटच्या सहा मुलांना त्यापायी मागे ठेवलं. भाऊ शिकला, चांगल्या नोकरीला लागला आणि थोरल्या भावाच्या घराला विसरला. इकडे अनंतरावांचं दिवाळं निघालं. आजी ही गोष्ट सांगताना एक वेगळाच सूर लावायची. लंडन, शिक्षण, नोकरी यांवर ती थांबत नसे, थांबायची ती अनंतरावांच्या बायकोवर. “त्या माउलीला कुणी इचारलं नसंल,” एवढंच म्हणायची. एकत्र कुटुंबात पैसा कुठं जायचा हे ज्यांना कधीच विचारलं जात नसे, त्या सगळ्या बायकांच्या वतीनं ती बोलत असावी.

मुंबईला जायचं ठरलं ते या मुलीच्या भरवशावर. ती दिसायला गोड आहे, नाचते-गाते, तिला सिनेमात काम मिळेल, या आशेवर आई-वडील आणि सगळी भावंडं गाव सोडून निघाली. तिथं सुरुवातीचे दिवस हालाचे गेले. लोकांच्या घरची धुणीभांडीसुद्धा तिनं केली. मग गाठ पडली नूरजहाँशी. नूरजहाँचे पती शौकत हुसेन रिझवी ‘जीनत’ बनवत होते. त्यातल्या बायकांच्या कव्वालीत शशिकलाला बसवलं गेलं आणि तिच्या हातावर पंचवीस रुपये पडले. सिनेमा आला १९४५ मध्ये. बायकांनी बायकांच्यात बसून म्हटलेली तशी कव्वाली हिंदी पडद्यावर त्याआधी दिसली नव्हती, आणि ती देशभर गाजली. तिच्यात बसलेली ही बारा-तेरा वर्षांची मराठी पोर. तिच्याच आगेमागे जन्मलेली माझी आजी त्या वर्षांत लग्न होऊन सोलापूरला आली आणि सार्वजनिक नळावरचं पाणी भरायला शिकत होती. एकीला घर सोडून घर पोसायला जावं लागलं, दुसरीला परक्या घरात येऊन ते आपलं म्हणावं लागलं. आजीला शशिकला जवळची वाटायची त्याचं मूळ मला इथं दिसतं.

रिझवींच्याच ‘जुगनू’तही ती होती, तो आला १९४७ मध्ये. लगोलग फाळणी झाली, रिझवी आणि नूरजहाँ पाकिस्तानात गेले, आणि जिनं आधार दिला तीच निघून गेल्यावर या मुलीची पुन्हा दारोदार सुरू झाली. पुढची दहा-बारा वर्षं मिळेल ते काम, कधी बरं, कधी नावापुरतं. व्ही. शांताराम यांच्या ‘तीन बत्ती चार रास्ता’मध्ये (१९५३) वेगवेगळ्या भाषांच्या सुना एका घरात नांदतात, त्यातली एक ती. दरम्यान ओमप्रकाश सैगल यांच्याशी लग्न झालं, दोन मुली झाल्या. नवऱ्यानं किशोरकुमारला घेऊन काढलेला ‘करोडपती’ रखडत रखडत १९६१ साली पडद्यावर आला आणि आपटला. म्हणजे वडिलांच्या घरात पाहिलेलं दिवाळं तिला नवऱ्याच्या घरातही चुकलं नाही. तिच्या खलनायिकेच्या भूमिकांबद्दल बोलताना लोक हे वगळतात. मला ते वगळता येत नाही.

त्याआधी १९५९ चा ‘सुजाता’. दिग्दर्शक बिमल रॉय, मूळ कथा सुबोध घोष यांची, घर बंगाली. आणि त्या घरात बायका कोण आहेत ते पाहा. अस्पृश्य म्हणून अंतरावर ठेवलेली सुजाता म्हणजे नूतन, तिला वाढवूनही पोटाशी न धरणारी आई सुलोचनाबाई, विटाळ मोजणारी म्हातारी ललिता पवार आणि घरची खरी लेक रमा, शशिकला. चौघीही मराठी. सिनेमाचं ओझं नूतनच्या गप्प चेहऱ्यावर आहे हे खरंच, पण तो गप्पपणा उठून दिसतो तो रमाच्या किलबिलाटामुळे. रमा खेळते, नाचते, बहिणीच्या गळ्यात पडते, आणि सुजाताबद्दल तिच्या मनात तिळभर किंतु नाही. जातीची भिंत मोठ्यांच्या डोक्यात आहे, पोरीच्या नाही, हे बिमल रॉय एकाही भाषणाशिवाय सांगू शकले ते शशिकलाच्या मोकळ्या अंगामुळे. माझ्या आत्याला हा सिनेमा पाहून शशिकला आवडली होती. आजीचं मत पडलं, की भल्या मुलीचं काम तर कुणीही करतं.

आजीची खरी शशिकला ‘आरती’तली. १९६२, राजश्रीचा पहिला सिनेमा, दिग्दर्शक फणी मजुमदार. मीनाकुमारी डॉक्टर असते आणि श्रीमंत डॉक्टराला नाकारून गरीब घरात लग्न करून येते. त्या घरची थोरली सून जसवंती म्हणजे शशिकला, तिचा नवरा रमेश देव. रमेश देवांचं हिंदीतलं हे पहिलंच काम. आता घरात शिकलेली, गोरीगोमटी, सगळ्यांच्या तोंडात जिचं नाव अशी धाकटी जाऊ आली तर थोरलीचं काय होतं, हे सोलापूरच्या दोन खोल्यांच्या घरांत राहणाऱ्या बायकांना कुणी समजावून सांगायला नको होतं. त्यांच्या ओसरीवर तोच सिनेमा रोज चालू होता. शशिकलानं जसवंती उभी केली ती दातओठ खाऊन नव्हे. ती काम करता करता बोलते. भांडी आवरताना, पोरांना दटावताना, सासऱ्यापुढं ताट ठेवताना एखादं वाक्य असं सोडते की समोरच्याला लगेच लागत नाही, पाच मिनिटांनी लागतं. आणि मग मान किंचित तिरकी करून वाट पाहते.

आजीच्या तोंडची ‘आरती’ आणि पडद्यावरची ‘आरती’ यांत बराच फरक होता. आजी सांगायची तेव्हा जसवंतीला एक मागचा जन्मच असायचा. ती कशी दहा वर्षं त्या घरात राबली, तिनं दागिने कसे मोडले, धाकट्या दिराला लहानाचा मोठा कसा केला. यातलं पुष्कळसं मला पडद्यावर सापडलं नाही. आजीनं ते स्वतःच्या पदरचं घातलं होतं, आणि ते घालायला शशिकलाच्या चेहऱ्यानं तिला जागा दिली होती. पटकथेत जसवंती दुष्ट आहे. शशिकलाच्या डोळ्यांत ती घाबरलेली आहे, आपली सत्ता, आपलं स्वयंपाकघर हातचं जाईल म्हणून. आजीसारख्या बाईनं ती भीती ओळखली आणि बाकीची गोष्ट स्वतः रचली. आजपर्यंत कुठल्या समीक्षकानं या भूमिकेचं याहून चांगलं वाचन केलेलं माझ्या पाहण्यात नाही.

‘आरती’साठी तिला सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. पुढच्याच वर्षी ‘गुमराह’साठी पुन्हा मिळालं. या पारितोषिकाचा इतिहास मराठी माणसानं मुद्दाम पाहावा असा आहे. १९५५ साली ते पहिल्यांदा दिलं गेलं तेव्हा मानकरी होत्या उषा किरण, ‘बादबान’साठी, आणि ‘बादबान’चेही दिग्दर्शक फणी मजुमदारच. मग ‘अनाडी’साठी ललिता पवार. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेनं ललिताबाईंच्या चेहऱ्याची एक बाजू गेली, डावा डोळा अधू झाला, नायिकेची कामं संपली, आणि त्याच अधू डोळ्यानं त्यांनी पुढे सबंध देशाला सासूची दहशत बसवली. ललिताबाई सासू, सुलोचनाबाई आई, शशिकला जाऊ आणि नणंद. १९६१ च्या ‘जंगली’मध्ये तर ललिताबाईंच्या धाकात वाढलेल्या लेकीचं काम शशिकलाचं आहे. हिंदी सिनेमानं आपल्या घरातली नाती मराठी बायकांच्या हाती सोपवली होती, असं मला वाटतं. नायिका कुठूनही आली तरी चालत होती. घर ओळखीचं वाटायला मात्र या बायका लागायच्या. त्यांचं नाव श्रेयनामावलीत तिसरं-चौथं येई, पोस्टरवर चेहरा असलाच तर कोपऱ्यात.

‘गुमराह’बद्दल थोडंसंच. त्यातली लीला ब्लॅकमेल करते, माला सिन्हाच्या मानेवर सावलीसारखी बसते आणि शेवटी भलतीच निघते. काम धारदार आहे, पण मला त्यात हिशेब जास्त दिसतो. त्यानंतर मात्र निर्मात्यांनी तिला सोडलं नाही. ‘फूल और पत्थर’सारख्या सिनेमांतून उंच केसांची, बिनबाह्यांच्या ब्लाउजची, हातात पेला घेतलेली शशिकला येत राहिली. क्लबात नाचणारी हेलन घराबाहेरची असायची. शशिकला घरात शिरून नासाडी करायची, म्हणून लोकांचा तिच्यावर राग अधिक. रस्त्यात, समारंभात बायका तिच्याशी फटकून वागत, हे तिनंही सांगितलं आहे. जिनं कळत्या वयापासून कुणाचं ना कुणाचं घर पोसलं, तिला घरं मोडणारी म्हणून ओळख मिळाली. तीच तिची कमाई होती आणि तोच तिला सोसावा लागलेला भार.

१९८० च्या ‘खूबसूरत’मध्ये हृषीकेश मुखर्जींनी तिला वेगळं काही दिलं. दीना पाठक कडक शिस्तीच्या, शशिकला त्या घरची मोठी सून. लग्नाआधी नाच शिकलेली, आणि सासूच्या धाकानं तो गुंडाळून ठेवलेली. रेखा तिच्याकडून तो पुन्हा काढून घेते. पाचव्या वर्षापासून सोलापूर जिल्ह्यात नाचलेल्या मुलीला पन्नाशीच्या उंबरठ्यावर हे काम मिळालं. ते दृश्य मी पाहते तेव्हा मला मोठी सून दिसत नाही, जवळकरांची मुलगी दिसते.

तिच्या संसाराची वीण त्याआधीच उसवली होती. मुंबईतलं सगळं सोडून ती निघून गेली, फार भटकली, मनानं खचली, आणि पुढे कोलकात्यात मदर तेरेसांकडे पोचली. तिथं तिनं बरीच वर्षं काढली. महारोगी, बेवारशी, रस्त्यावरून उचलून आणलेली मरणासन्न माणसं. त्यांना आंघोळ घालणं, जखमा धुणं, घाण काढणं. ही बातमी सोलापुरात आली तेव्हा आमच्या घरात मोठी चर्चा झाली. काकांना ते नाटक वाटलं. आजी चिडली. “सेवा करायला काय लागतं तुला ठावं हाय का? तुझ्या आज्ज्याचं दोन वर्सं केलंय म्या,” असं तिनं त्यांना सुनावलं, आणि विषय तिथं संपला. आजीनं शशिकलाची बाजू घेऊन कुणाशी भांडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

परत आल्यावर तिनं छोटी कामं केली, मालिका केल्या. ‘सोनपरी’त ती फ्रूटीची आजी होती. माझी लेक ती मालिका जीव टाकून बघायची, आणि पंच्याहत्तरीकडे झुकलेली माझी आजी तिच्या शेजारी बसून सांगायची, “हिच्या हातचं दूध पिऊ नको म्हणावं त्या पोरीला.” लेकीला ते कळायचं नाही. तिच्यासाठी पडद्यावरची ती एक प्रेमळ म्हातारी होती. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यानंतर व्ही. शांताराम यांच्या नावाचा जीवनगौरव. आजी तोवर राहिली नव्हती.

४ एप्रिल २०२१ ला शशिकला गेली, वय अठ्ठ्याऐंशी. टाळेबंदीचे दिवस, आत्या आमच्याकडेच होती. टीव्हीवर दिवसभर तिचे दुष्टपणाचे तुकडे दाखवत होते. पेल्यातलं विष, दाराआडचे डोळे. आत्या वैतागली आणि म्हणाली, “बंद कर ते. ‘अनुपमा’ लाव.”

‘अनुपमा’ १९६६ चा, हृषीकेश मुखर्जींचाच. बायको बाळंतपणात गेली म्हणून बाप मुलीचं तोंड पाहत नाही, मुलगी जवळजवळ मुकी होऊन वाढते. शर्मिला टागोर सिनेमाभर मोजकंच बोलते. शशिकला म्हणजे ॲनी, तिची मैत्रीण. ती येते आणि बोलतच सुटते. महाबळेश्वरच्या धुक्यात, पाहुण्यांसमोर, कुणी ऐको न ऐको. मनात येईल ते ओठांवर, आवडत्या मुलाला हवं ते स्पष्ट सांगणारी. तिच्यात कपट नाही, मागून वार नाही. शर्मिलाला शेवटी बापासमोर उभं राहून स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडायचं असतं. ते बळ तिच्यात कुठून येतं याची एक वाट धर्मेंद्रकडून जाते आणि दुसरी या बडबड्या मैत्रिणीकडून. माझ्या मते शशिकलाचं सगळ्यात चांगलं काम हे. त्याला पारितोषिक नाही, आणि ती गेल्याच्या दिवशी ते कुणी दाखवलंही नाही.

सिनेमा मध्यावर आला तेव्हा आत्या तोवर कधीच न सांगितलेलं सांगू लागली. ‘अनुपमा’ तिनं मॅट्रिकच्या वर्षी पाहिला होता, आजीबरोबर, बायकांच्या बाजूला बसून. आमच्या आजोबांसमोर घरातलं कुणी तोंड वर करून बोलत नसे. तिचं स्थळ पाहायचं चाललं होतं. सिनेमाहून आल्यावर तिनं आठवडाभर ॲनीसारखं बोलून पाहिलं, आधी आरशापुढं, मग नळावर मैत्रिणींपुढं. मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी आजोबा पाळीवरून येऊन हातपाय धूत होते, तेव्हा ती मोरीच्या दाराशी गेली आणि एका दमात म्हणाली, “दादा, मला इतक्यात लग्न करायचं नाही, मला दयानंद कॉलेजात जायचंय, फी मी शिकवण्या करून भरीन, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी मी रोज विचारणार.” आजोबा पायांवर पाणी घेत तसेच उभे राहिले. आतून आजीनं विचारलं, कोण बोलतंय म्हणून. जूनमध्ये आजोबा स्वतः तिच्याबरोबर दयानंदला गेले आणि तिचं नाव घालून आले.